डाव्या डोळ्याची पापणी 12 दिवस फडफडतेय, डॉक्टरकडे जाऊ का?

तुम्ही लिहिलंय की 12 दिवस झाले, डाव्या डोळ्याची खालची पापणी मध्येच फडफडते, दुखत नाही, दिसतं नीट, आणि आई म्हणते पुरुषाचा डावा डोळा लवला की काहीतरी वाईट कानावर येतं. हे शेवटचं आधी मनातून काढून टाका. दोन वर्षांपूर्वी चवथीच्या आधी माझाही डावाच डोळा जवळजवळ तीन आठवडे लवत होता, घरात काही वाईट झालं नाही, गणपती दरवर्षीसारखा दीड दिवस आला आणि गेला.

मी गोव्यातल्या डिचोलीचा, वेर्ण्याला कंपनीत कामाला आहे. त्या महिन्यात माझी नाईट शिफ्ट होती, सकाळी घरी पोचायला नऊ वाजायचे आणि झोपायचं सोडून माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं टांगायच्या चौकटीचं, सामान बघायला बाहेर पडायचो, सुपारीचे घोस, कांगलां, नारळ, आमच्याकडे हे सगळं घरच्यांनीच जमवायचं असतं ना. झोप मिळायची चार तास, तीही तुकड्यातुकड्यात, आणि शिफ्टमध्ये जागं राहायला पाच-सहा कप चहा, वर समोर रात्रभर कॉम्प्युटर. मला वाटायचं समोरच्याला माझी पापणी उडताना स्पष्ट दिसतेय, म्हणून बोलताना मान खाली घालायचो. शेवटी मोबाईलवर व्हिडिओ काढून झूम केला तर पापणीच्या केसांच्या खाली कातडी बारीकशी थरथरत होती, एवढंच. आजीने कापसाचा ओला तुकडा पापणीवर चिकटवला होता, त्याने लवणं थांबलं नाही पण गार वाटायचं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं ते असं. डोळ्याभोवती गोल कड्यासारखा एक स्नायू असतो, ऑर्बिक्युलॅरिस ऑक्युली, आपण डोळा मिटतो तो त्याच्यामुळे, आणि त्याला हुकूम देते ती चेहऱ्याची नस म्हणजे फेशियल नर्व्ह. झोप कमी, टेन्शन, जास्त चहा-कॉफी, दारू, सिगरेट, स्क्रीनने थकलेले किंवा कोरडे पडलेले डोळे, यातलं काहीही असलं की त्या स्नायूचे काही धागे हुकमाशिवाय आपापलेच उडायला लागतात. याला मायोकायमिया म्हणतात, बहुतेक वेळा एकाच डोळ्याला आणि खालच्या पापणीलाच होतं, काही दिवसांत नाहीतर काही आठवड्यांत आपोआप जातं. तुमचं वर्णन अगदी तसंच वाटतंय, पण मी डॉक्टर नाही हे लक्षात ठेवा.

उपाय म्हणाल तर झोप, आणि हे मी मनापासून सांगतो कारण बाकी सगळं करून बघितलं होतं. शिफ्ट बदलून घेतली, सात तास सलग झोपायला लागलो, चहा दिवसाला दोन कपांवर आणला, आठवड्याभरात फडफड कमी झाली आणि पुढच्या चार-पाच दिवसांत गेली. स्क्रीनचं काम असेल तर दर 20 मिनिटांनी 20 फूट लांबच्या वस्तूकडे 20 सेकंद बघायचं, आणि मुद्दाम डोळे मिचकवायचे, कारण स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या मिटायचंच विसरतो आणि डोळा कोरडा पडतो. स्वच्छ रुमाल कोमट पाण्यात बुडवून पिळून मिटलेल्या डोळ्यांवर पाच मिनिटं ठेवला की बरं वाटतं. डोळ्यात वाळू गेल्यासारखं होत असेल तर कृत्रिम अश्रूंचे ड्रॉप्स मिळतात, ते घालायला हरकत नाही, पण लाली घालवणारे ड्रॉप्स किंवा स्टिरॉइडचे ड्रॉप्स फार्मसीतून स्वतःच्या मनाने आणू नका प्लीज. मॅग्नेशियमच्या गोळ्या घ्या असं बरेच जण सुचवतात, त्याने ही फडफड थांबते याचा पक्का पुरावा नाही, किडनीचा त्रास असेल तर त्या विचारल्याशिवाय घेऊच नका.

आता जास्त महत्त्वाचं, कारण "आपोआप जातं" हे ऐकून माझी मावशी दोन वर्षं गप्प बसली. तिचंही सुरुवातीला फक्त पापणीपासूनच सुरू झालेलं, उजव्या. मग हळूहळू त्याच बाजूचा गाल ओढायला लागला, नंतर ओठाचा कोपरा, भजनाला बसली की डोळा पूर्ण मिटायचा आणि तोंड वाकडं व्हायचं, लोक बघतात म्हणून तिने भजनाला जाणंच सोडलं. ती नुसती फडफड नव्हती, हेमिफेशियल स्पाझम होता, म्हणजे चेहऱ्याच्या एकाच बाजूचे स्नायू आपोआप आखडणं, यात बहुतेकदा मेंदूजवळ एखादी रक्तवाहिनी फेशियल नर्व्हवर दाब देत असते. न्यूरॉलॉजिस्टनी, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांनी, एमआरआय काढला आणि बोटॉक्सची इंजेक्शनं सुरू केली, त्याचा असर तीनेक महिने टिकतो, मग परत घ्यावी लागतात, पण ती आता पेटीच्या बाजूला पुढे बसून गाते. ही दोन वर्षं वाचली असती याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून फडफड गालाकडे किंवा ओठाकडे सरकली, डोळा आपोआप पूर्ण मिटायला लागला, दोन्ही डोळे एकदम जोराने मिटायला लागले, पापणी खाली लोंबली, डोळा लाल झाला, सुजला, पाणी-पू यायला लागला किंवा दिसण्यात फरक पडला तर थांबू नका. एखादी नवीन गोळी सुरू केल्यावर हे लागलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. आणि चेहऱ्याची एक बाजू अचानक लुळी पडली किंवा बोलणं अडखळलं तर वाट न बघता 108 ला फोन करा.

यातलं काहीच नसेल तर अजून दोन-एक आठवडे झोप आणि चहा सांभाळून बघा, तरी थांबलं नाही तर जवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे, नाहीतर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात दाखवा. जायच्या आधी मात्र फडफड चालू असताना मोबाईलवर जवळून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा, अख्खा चेहरा दिसेल असा एक आणि नुसत्या डोळ्याचा एक, कारण डॉक्टरसमोर खुर्चीत बसलं की ही पापणी हमखास गप्प बसते, माझी बसलेली.