भेंड्या नकोत कशाला? पंच नेमा आणि ‘ळ’चं आधी ठरवा

प्रश्न असा आहे: कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर 30-35 जण जमणार, वयं सहापासून पंचाहत्तरीपर्यंत, सामान न लागणारे सोपे खेळ सुचवा, फक्त भेंड्या नकोत कारण शेवटी भांडणंच होतात.

हे शेवटचं वाक्य नसतं तर मी उत्तर लिहायला बसलोच नसतो. सामान नको, नात आणि आजी एकाच खेळात हव्यात, आणि वर भेंड्या नकोत? मग उरतं काय! हाउजीच्या तिकिटावरचे आकडे चांदण्यात आजींना दिसत नाहीत आणि अर्धा तास जो तो आपापल्या कागदात डोकं घालून बसतो. संगीत खुर्चीत गुडघे दुखणारे सगळे प्रेक्षक. भेंड्याच घ्या. भांडणं होतात ती नियम खेळ सुरू झाल्यावर ठरवल्यामुळे.

आधी गट. 32 जणांचे दोन गट केले की प्रत्येक गटात तिघं गातात आणि तेरा जण मोबाइल काढतात. आठ-आठचे चार करा. बसल्या जागी एक-दोन-तीन-चार मोजत जायचं, सगळे ‘एक’ एका गटात, म्हणजे शेजारी बसलेली घरची माणसं आपोआप पांगतात. अगदी लहानांना तेवढं आईजवळ राहू द्या. ‘बायका विरुद्ध पुरुष’ कधीही करू नका. समोर भजनी मंडळातल्या दोघी असल्या तरी दहा मिनिटांत पुरुष दूध आटलं का ते बघायला उठतात.

पंच गटाबाहेरचा हवा. त्याच्याकडे वही, पेन आणि लहान बॅटरी. प्रत्येक गाण्याचा पहिला शब्द तो लिहून ठेवतो, म्हणजे ‘हे झालंय’, ‘नाही झालं’ हा वाद वहीत मिटतो. दहापर्यंत मोजायचं तेही पंचानेच. गटांवर सोडलं तर समोरच्यांसाठी आकडे धावतात आणि स्वतःसाठी चालतात. दहा वर्षांच्या आतलं मूल गाणार असेल तर वीसपर्यंत मोजा, आणि त्याचं बडबडगीतही धरा. एकाच माणसाने लागोपाठ दोनदा सुरुवात करायची नाही. ज्याचा गळा बरा तो नेमका वरच्या पट्टीत सुरू करतो आणि बाकीच्यांना दुसरी ओळ पेलत नाही. त्याला खाली उतरवणं हेही पंचाचंच काम.

गाणं कुठे थांबवायचं, हे भांडणाचं खरं मूळ. गाणाऱ्याला हवं तिथे थांबू दिलं की तो कडव्यात घुसून ‘ठ’ नाहीतर ‘ढ’ शोधत बसतो. म्हणून ध्रुवपद पूर्ण गायचं आणि तिथेच अक्षर घ्यायचं. ते जाहीर करणार पंच. गाणाऱ्याने शेवटी चिकटवलेला ‘हो’ किंवा ‘रे’ धरायचा नाही. मुळात असेल तर धरायचा. जोडाक्षरातलं शेवटचं व्यंजन घ्यायचं: ‘पुन्हा’चा ह, ‘तुझ्या’चा य, ‘रात्र’चा र. चंद्रातला च आणि चांदण्यातला च उच्चाराने वेगळे असले तरी खेळात एकच. हिंदी गाणी घेणार असाल तर ‘है’ सोडून त्याच्या आधीचं अक्षर घ्या, नाहीतर तासभर ‘ह’च फिरत राहतो.

आणखी एक नियम बहुतेक ठिकाणी नसतो आणि त्याच्यावाचून खेळ बिघडतो. एका गटाला गाणं आलं नाही की त्याच्यावर भेंडी चढते आणि अक्षर पुढच्या गटाकडे जातं. चौथ्यापर्यंत कुणालाच आलं नाही, तर ज्याने अक्षर दिलं त्याने स्वतः गाऊन दाखवायचं. नाही जमलं तर भेंडी त्याच्यावर, बाकीच्यांच्या पुसून टाकायच्या. मग मुद्दाम अडवणारं अक्षर देण्याची हौस फिटते.

श्लोक, अभंग, ओव्या चालतात का? चालायलाच हवेत, आजींचा साठा तोच असतो. फक्त मनाचे श्लोक 205 आहेत आणि त्यातले कितीतरी ‘मना’पासूनच सुरू होतात, तेव्हा प्रत्येक गटाला त्यातला एकच. फोन आधीच एका परातीत पालथे.

एक वळण म्हणजे साधारण अर्धा मिनिट, चार गटांची फेरी दोन मिनिटांत. पाऊण तासात वीस-बावीस फेऱ्या होतात. तेवढ्यावर थांबवा, लोकांना आणखी हवं असतानाच.

तुम्ही ‘खेळ’ विचारले आहेत, एक नाही, तेव्हा हेही सांगतो. सणांसाठी खास परवानगी असलेले मोजके दिवस सोडले तर रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि माइक नसला तरी पस्तीस गळे शेजारच्या इमारतीत पोचतातच. दहा वाजले की दमशेराज, म्हणजे मुक्या अभिनयावरून नाव ओळखायचा खेळ घ्या, त्यात गाण्याइतका आवाज नसतो. 40 चिठ्ठ्या न खेळणाऱ्या माणसाने आधीच लिहून ठेवायच्या. समोरच्या गटाने नाव सुचवायची पद्धत टाळा, कुणीच न पाहिलेले सिनेमे निघतात. निम्म्या चिठ्ठ्यांत म्हणी घाला. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ करून दाखवायला नातूही उठतो आणि ओळखायला आजोबाही. कानगोष्टी घेणार असाल तर दहा-बारा जणांच्या रांगा करा, सगळ्या रांगांना वाक्य एकच, सात-आठ शब्दांचं. पस्तीस जणांची एकच रांग लावली तर मधली माणसं गप्पा मारायला लागतात.

आता ‘ण’ आणि ‘ळ’. या अक्षरांनी मराठी गाणी सुरू होत नाहीत, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. एखादे जैन काका ‘णमो अरिहंताणं’ म्हणतील. द्या त्यांना टाळ्या, पण तेही परत ‘ण’वरच संपतं. ‘ण’ला ‘न’ घ्यावा, त्यात अडचण नाही, नको-नका-नाहीची गाणी खंडीभर आहेत. ‘ळ’ला ‘ल’ घ्यायचा, हे मात्र आमच्या मेहुण्यांचं मत आहे आणि ते चूक आहे. भूतकाळाचे ला-ली-ले यांच्यामुळे ‘ल’ तसाही दर थोड्या वेळाने येतो, आणि ‘ल’ने सुरू होणारी गाणी कमी. त्यात ‘ळ’ची भर घातली की निम्म्या वेळातच खेळ ‘ल’वर रुततो. ‘ळ’ आला की मागचं अक्षर घ्या: ‘बाळ’चा ब, ‘आभाळ’चा भ, ‘सावळा’चा व. मेहुणे म्हणतील, आमच्या घरी असं नव्हतं. त्यांच्या घरी भेंड्या पंधरा मिनिटांत संपायच्या, ते याच कारणाने.