गॉगल्सवरचा डाग आणि सोलापूरचे ऊन

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच छंदाविषयीची आहेत, म्हणून हे सदर त्या पत्रांनाच देत आहोत. ड्रोनवरच्या कॅमेऱ्याचे चित्र डोळ्यांवर चढवलेल्या गॉगल्समध्ये पाहत, जणू आपणच ड्रोनमध्ये बसलो आहोत अशा रीतीने उडवायच्या ड्रोनला ‘एफपीव्ही’ ड्रोन म्हणतात.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीत घेतलेल्या एफपीव्ही गॉगल्समध्ये गेल्या रविवारपासून उजव्या डोळ्यासमोर एक पिवळसर डाग आणि त्याला जोडून बारीक वाकडी रेघ दिसते. गॉगल्स पडलेले नाहीत, त्यांना पाणी लागलेले नाही. दुकानदार म्हणतो, हे वॉरंटीत बसत नाही. असे कशाने झाले असेल? – एक विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर : उन्हाने. आपण आठवून पाहा, रविवारी ड्रोनची बॅटरी बदलताना गॉगल्स काढून भिंगे वरच्या बाजूला येतील असे कुठे ठेवले होते का? डोळे लावायच्या बाजूला जी दोन भिंगे असतात ती बहिर्गोल असतात, आणि आतला छोटा पडदा त्यांच्या नाभीच्या जवळच बसवलेला असतो, कारण तसे केल्याशिवाय तो पडदा आपल्याला मोठा आणि स्पष्ट दिसणार नाही. आता हाच मार्ग उलटा करून पाहा. सूर्यकिरण बाहेरून भिंगावर पडले की ते नेमके त्या पडद्यावर एका बिंदूत एकवटतात. लहानपणी भिंगाने कागद जाळण्याचा खेळ आपणही खेळला असाल. येथे कागदाच्या जागी पडदा असतो. तो जळायला काही सेकंद पुरतात. आपण म्हणता ती वाकडी रेघ म्हणजे तो तापलेला बिंदू पडद्यावरून सरकत गेल्याची खूण आहे. गॉगल्स उचलताना किंवा फिरवताना अशी रेघ उमटते.

हा डाग पुसून जात नाही आणि कोणत्याही सेटिंगने झाकता येत नाही. पडदा बदलणे एवढाच उपाय आहे, आणि काही गॉगल्सच्या बाबतीत तो खर्च नव्या गॉगल्सच्या जवळ जातो. दुकानदाराचे म्हणणे आपल्याला कटू वाटले असेल, पण उन्हाने जळालेला पडदा हा उत्पादनातला दोष नव्हे, हे मान्य करावे लागते. डाग चित्राच्या कडेला असेल तर काही दिवसांनी त्याच्याकडे लक्ष जात नाही आणि तेवढ्यावर उडवणे चालू ठेवता येते.

हे मी पुस्तकी ज्ञानाने सांगत नाही. माझे पहिले गॉगल्स मी शहराबाहेरच्या माळावर स्कूटरच्या सीटवर उताणे ठेवले आणि शाळूच्या रानात पडलेला ड्रोन शोधायला गेलो. ड्रोन दहा मिनिटांत सापडला, एक पाते सोडता धडधाकट निघाला. गॉगल्स मात्र तेवढ्यात गेले होते. तेव्हापासून मी नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगत आलो आहे की ड्रोन हवेत मोडतो आणि गॉगल्स जमिनीवर मोडतात. ड्रोनचे पाते थोडक्या पैशांत मिळते, मोटर बदलता येते, सांगाडासुद्धा नवा घेता येतो. गॉगल्सचे तसे नाही, म्हणून उडवण्याआधी गॉगल्स ठेवायला शिकावे.

यासाठी एकच सवय पुरेशी आहे : डोळ्यांवरून काढल्याबरोबर भिंगांवर झाकण लावायचे किंवा गॉगल्स पिशवीत घालून चेन ओढायची. सोबत आलेले झाकण हरवले असेल तर जाड काळ्या कापडाची पिशवी शिवून घ्यावी. पुष्कळ जण गॉगल्स काढून गळ्यात लोंबते ठेवतात, आणि नेमक्या त्याच अवस्थेत भिंगे आकाशाकडे होतात; ही चूक सर्वांत जास्त घडते, कारण ती करणाऱ्याला आपण गॉगल्स अगदी जपून ठेवले आहेत असेच वाटत असते. घरात खिडकीजवळच्या टेबलावर सकाळची तिरपी उन्हे येतात, तेथेही धोका तितकाच आहे. मोटारीच्या काचेआडून आलेले ऊनही भिंगाला पुरते. शिवाय बंद मोटारीतल्या उष्णतेने भिंगांवरचा लेप, फोम आणि गॉगल्सची बॅटरी या तिन्हींचे नुकसान होते, आणि सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा मोटार ही गॉगल्स ठेवण्याची जागाच नव्हे.

प्रश्न : मला दूरचे दिसण्यासाठी उणे तीन नंबरचा चष्मा आहे. चष्म्यावर गॉगल्स घालता येतील का? शिवाय आत धूळ आणि घाम फार साचतो, ते कसे पुसावे? – एक वाचक, अशोक चौक

उत्तर : गॉगल्स दोन प्रकारचे असतात. एक मोठा पडदा असलेल्या डबीसारख्या गॉगल्समध्ये चष्मा मावतो, पण चष्म्याची काडी किंवा काच भिंगावर घासली की कायमचा ओरखडा उठतो. प्रत्येक डोळ्याला स्वतंत्र पडदा असलेल्या लहान गॉगल्समध्ये चष्मा मावतच नाही. त्यातल्या काहींना नंबर जुळवण्याची चकती असते. उदाहरणार्थ, डीजेआय गॉगल्स २ मध्ये अधिक दोनपासून उणे आठपर्यंत नंबर जुळवता येतो, म्हणजे आपली अडचण तेथे सहज सुटते. मात्र चष्म्याला सिलिंडरचा नंबर असेल तर चकती उपयोगाची नाही. वेगळी भिंगे करवून आत बसवावी लागतात. चष्म्याच्या दुकानात गेलाच आहात तर दोन्ही बुबुळांमधले अंतरही मोजून घ्या. गॉगल्सची भिंगे त्या अंतरावर सरकवून घेतली नाहीत तर चित्राच्या कडा पुसट दिसतात आणि अर्ध्या तासात डोके दुखू लागते, आणि लोक त्याचा दोष उगाच ड्रोनच्या कॅमेऱ्याला देतात.

पुसण्याविषयी सोलापूरकराला सांगताना थोडा संकोच वाटतो, पण सांगितलेच पाहिजे : आपला टॉवेल अंग पुसण्यासाठी कितीही नावाजलेला असला तरी भिंगाला लावू नये. त्याच्या फासांमध्ये धुळीचे कण अडकतात आणि तेच कण भिंग ओरबाडतात. रुमाल आणि शर्टाचे टोक यांचेही तेच. आधी रबरी फुग्याच्या फुंकणीने धूळ उडवावी, तोंडाने फुंकू नये कारण थुंकी उडते, आणि मग स्वच्छ मायक्रोफायबर कापडाने मध्यापासून कडेकडे हलक्या हाताने पुसावे. भिंगे बहुधा प्लॅस्टिकची आणि लेप दिलेली असतात, त्यामुळे नेलपॉलिश काढायचे द्रव, स्पिरिट किंवा काच पुसायचे फवारे वर्ज्य समजावेत. घामाने भिजलेला फोम निघत असेल तर काढून साबणाच्या पाण्यात धुवावा आणि सावलीत वाळवावा. ओला फोम तसाच पिशवीत बंद केला की आतली वाफ भिंगांवर जमते.

सोलापुरी चादरीचा मात्र या छंदात एक चांगला उपयोग आहे. माळावर उडवताना पंख्यांच्या वाऱ्याने धूळ उसळते आणि ती गॉगल्सपासून मोटरपर्यंत सगळीकडे शिरते. जुनी चादर चौघडी घालून, चारही कोपऱ्यांवर दगड ठेवून तिच्यावरून ड्रोन उडवला तर हा त्रास निम्म्याहून कमी होतो. दशा तेवढ्या आत दुमडाव्यात, नाहीतर त्या पात्यांत गुंततात.

प्रश्न : माझा चौदा वर्षांचा मुलगा एफपीव्ही ड्रोनसाठी हट्ट धरून बसला आहे. शिकायची सुरुवात कशी करावी आणि त्यात धोका किती? – एक पालक, विजापूर रोड

उत्तर : त्याला ड्रोन घेऊन देऊ नका, आधी रिमोट घेऊन द्या. चांगला रिमोट यूएसबी केबलने संगणकाला जोडता येतो, आणि लिफ्टऑफ किंवा वेलोसिड्रोन यांसारख्या सिम्युलेटरवर खऱ्या ड्रोनच्या वागण्याशी बरेच जुळणारे उड्डाण शिकता येते. तेथे ड्रोन शंभरदा आपटला तरी एक बटण दाबून तो पुन्हा उभा राहतो. मुलाने निदान पंधरा-वीस तास हे केले, तर हट्ट खरा की चार दिवसांचा, हेही आपल्याला कळेल.

बाजारातले कॅमेरा ड्रोन रिमोटवरची काडी सोडली की जागच्या जागी थांबतात. एफपीव्ही ड्रोन ‘ॲक्रो’ पद्धतीने उडवला तर तसे होत नाही. तो जितका कलला असेल तितकाच कललेला राहतो, आणि त्याला सरळ करणे हे उडवणाऱ्याचेच काम असते. ‘अँगल’ नावाच्या सोप्या पद्धतीत काडी सोडल्यावर तो आपोआप सपाट होतो. काही जण आधी अँगल आणि मग ॲक्रो असा क्रम सांगतात. माझे मत वेगळे आहे. सिम्युलेटरवर पहिल्या दिवसापासून ॲक्रोच शिकावे, कारण अँगलमध्ये बोटांना लागलेले वळण नंतर मोडायला दुप्पट वेळ जातो. आपल्याकडे बहुतेक जण डाव्या काडीने उंची व दिशा आणि उजव्या काडीने पुढे-मागे व डावे-उजवे कलणे, अशी ‘मोड २’ची मांडणी वापरतात. मुलानेही तीच घ्यावी, म्हणजे दुसऱ्याच्या हातात रिमोट देऊन मदत मागता येते.

त्यानंतर पहिला ड्रोन म्हणून तळहाताएवढा, पात्यांभोवती कडी असलेला ‘टायनी व्हूप’ घ्यावा. तो दिवाणखान्यात उडतो आणि भिंतीवर आपटला तरी भिंतीचे किंवा माणसाचे विशेष बिघडत नाही. आपटल्याक्षणी मोटर बंद करण्याचे बटण दाबणे हा धडा मात्र पहिल्या दिवशीच द्यावा, कारण अडकलेली मोटर फिरवत ठेवली तर जळते. पाच इंची पात्यांचा मोठा ड्रोन बोट कापू शकतो. तो या वयात एकट्याच्या हाती नसावा, आणि टेबलावर दुरुस्ती करताना त्याची पाती काढलेलीच असावीत. सुरुवातीला गॉगल्समध्ये मळमळते, म्हणून खुर्चीवर बसून उडवावे आणि मळमळ सुरू होताच थांबावे. नेट लावून सहन केले तर ती वाढते.

प्रश्न : सोलापुरात एफपीव्ही ड्रोन कुठे उडवता येईल? भुईकोट किल्ला किंवा गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांचे चित्रण करावे असे वाटते. – एक वाचक, बाळे

उत्तर : दोन्ही नको. किल्ला हे संरक्षित स्मारक आहे आणि यात्रेत माणसांच्या डोक्यांवरून ड्रोन नेणे हा निव्वळ अविचार आहे. बॅटरी संपली किंवा रिमोटचा संपर्क तुटला की बहुतेक एफपीव्ही ड्रोन तरंगत राहत नाहीत, दगडासारखे खाली येतात.

दुसरी बाब विमानतळाची. होटगी रोडचा विमानतळ वर्षानुवर्षे बंदसारखा होता तेव्हा कोणी विचारत नव्हते. पण विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली गेली आणि जून २०२५ मध्ये गोव्याची विमाने सुरू झाली. ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच मोकळीक आहे, आणि त्याच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. शहराचा बराचसा भाग या आतल्या वर्तुळातच येतो. म्हणून डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहून शहराबाहेरची जागा निवडावी. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला वैमानिकाचा परवाना लागत नाही, पण नकाशाचे बंधन त्यालाही आहे. नान्नजच्या माळढोक अभयारण्याचा मोकळा माळ पाहून मोह होईल, तोही टाळावा.

आणि एकट्याने जाऊ नका. गॉगल्स घातलेल्या माणसाला समोरची म्हैससुद्धा दिसत नाही. ड्रोनवर उघड्या डोळ्यांनी नजर ठेवणारा आणि माणसे, जनावरे, विजेच्या तारा पाहून ओरडून सांगणारा सोबती शेजारी हवाच.

प्रश्न : दुबईहून येणारा आतेभाऊ तयार ड्रोन आणतो म्हणतो. आणू द्यावा का? – एक वाचक, सात रस्ता

उत्तर : नाही. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोन आयात करण्यास बंदी आहे, मग तो तयार असो की सुट्या भागांच्या पूर्ण संचाच्या रूपात; संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांच्यासाठीच परवानगीने सूट मिळते. ड्रोनच्या सुट्या घटकांवर ही बंदी नसल्याने इथे भाग जमवून स्वतः ड्रोन बांधणारे पुष्कळ आहेत. आपणही तो मार्ग धरलात तर एवढे लक्षात ठेवा की व्हिडिओ पाठवणाऱ्या यंत्राला अँटेना लावल्याशिवाय ड्रोनला बॅटरी जोडायची नाही, कारण तसे केल्यास ते यंत्र जळू शकते. आणि गॉगल्सला बॅटरी लावण्याआधी ते किती व्होल्ट घेतात हे त्यांच्या माहितीपत्रकात वाचायचे, कारण ड्रोनची सहा सेलची बॅटरी पूर्ण भरल्यावर २५ व्होल्टच्या पुढे जाते आणि सगळेच गॉगल्स तेवढे सोसत नाहीत.