लघुग्रहांचं कुल कसं ओळखायचं आणि सदस्यांचे आकार कसे काढायचे?

मायनर प्लॅनेट सेंटर या लघुग्रहांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या यादीतून कोरोनिस कुल (एकाच टकरीत फुटलेल्या तुकड्यांचा गट) वेगळं काढून सदस्यांचे व्यास कसे काढायचे, असं तुम्ही विचारलंय. ती यादी थेट वापरू नका. त्यात आजच्या कक्षा असतात. गुरू-शनीच्या ओढीने त्या सतत हेलकावतात, त्यामुळे एकाच टकरीतले तुकडेही विखुरलेले दिसतात. हे हेलकावे वजा केलेले ‘प्रॉपर एलिमेंट्स’, म्हणजे कक्षेची दीर्घकाळ जवळपास स्थिर राहणारी मापं, ॲस्टडिस या संकेतस्थळावर तयार मिळतात. जपानी खगोलशास्त्रज्ञ हिरायामांनी १९१८ साली याच कल्पनेवरून कोरोनिस, इओस आणि थेमिस ही कुलं ओळखली.

पुढे हायरार्किकल क्लस्टरिंग, म्हणजे जवळच्यांना टप्प्याटप्प्याने जोडत गट बांधणं. अर्धदीर्घ अक्ष (कक्षेच्या लांबीचा अर्धा), उत्केंद्रता (कक्षेचा लांबटपणा) आणि कक्षेच्या कलाचा (तिरकेपणाचा) साइन यांतल्या फरकांवरून दोन लघुग्रहांमधलं ‘अंतर’ वेगाच्या रूपात, मीटर प्रति सेकंदात निघतं. एका सदस्यापासून सुरू करा. मर्यादेच्या आत येईल तो कुलात, मग त्याचे शेजारी. मर्यादा १० मीटर प्रति सेकंदापासून पाच-पाचने वाढवत सदस्यसंख्येचा आलेख काढा. संख्या एकदम उसळली की साखळी कुलाबाहेर गेली, त्याच्या अलीकडेच थांबा. कॅरिन या लघुग्रहापासून सुरू करून १० वरच थांबलात, तर कोरोनिसच्या पोटातलं जेमतेम ५८ लाख वर्षांचं छोटं कुल हाती येतं, ते पाहण्यासारखं आहे.

आता व्यास. १३२९ ला अल्बेडोच्या (पृष्ठभाग किती प्रकाश परावर्तित करतो त्या प्रमाणाच्या) वर्गमुळाने भागा आणि १० च्या (उणे एच भागिले ५) या घाताने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. एच म्हणजे निरपेक्ष प्रत, ठरावीक अंतरावरून लघुग्रह किती तेजस्वी दिसेल त्याचं माप; आकडा मोठा तितका तो अंधुक. एच १२ आणि कोरोनिसचा सरासरी अल्बेडो ०.२४ धरला तर १०.८ किमी. तोच लघुग्रह प्रत्यक्षात ०.०६ अल्बेडोचा, काळा परका (कुलाबाहेरचा) निघाला, तर २१.६ किमी. म्हणून वाइज या अवकाश दुर्बिणीने अवरक्त प्रकाशात मोजलेले व्यास असतील तिथे तेच घ्या. एचमधली ०.३ ची चूकही व्यास १५ टक्क्यांनी हलवते.

सर्वाधिक घोटाळा आकार-वितरणात, म्हणजे कोणत्या आकाराचे किती सदस्य आहेत त्या आलेखात, होतो. मोठ्या टोकाला सदस्य मोजके, तिथे एक परका शिरला तरी उतार बदलतो. तो पकडायला अर्धदीर्घ अक्ष विरुद्ध एच असा आलेख काढा. यार्कोव्हस्की परिणामाने, म्हणजे सूर्याने तापलेला पृष्ठभाग उष्णता बाहेर टाकताना बसणाऱ्या सूक्ष्म रेट्याने, लहान तुकडे जास्त सरकतात, म्हणून कुल इंग्रजी ‘व्ही’सारखं दिसतं आणि त्याबाहेरचा मोठा लघुग्रह संशयित ठरतो. लहान टोकाला वक्र सपाट होतो, पण त्यावरून लगेच निष्कर्ष काढू नका. अंधुक तुकडे अजून सापडलेले नसतात हे मुख्य कारण. शिवाय कोरोनिसच्या दोन्ही बाजूंना गुरूचे ५:२ आणि ७:३ अनुनाद आहेत (गुरूच्या दोन फेऱ्यांत लघुग्रहाच्या पाच, किंवा तीन फेऱ्यांत सात, अशा जागा), सरकत तिथे पोचलेले तुकडे खरोखरच बाहेर फेकले जातात. शोध जिथपर्यंत पूर्ण आहे त्या प्रतीपर्यंतच उतार बसवा.