फक्त तापमानावरून रिअॅक्टरमधलं कॉन्सन्ट्रेशन कळतं का?

तुमचा प्रश्न असा: नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सेमी-बॅच रिअॅक्टर (रिअॅक्शन चालू असताना ज्यात फीड हळूहळू सोडतात) आहे, तापमान सतत दिसतं, पण कॉन्सन्ट्रेशनचा रिझल्ट लॅबमधून यायला दोन तास लागतात. स्टेट ऑब्झर्व्हर (न मोजलेल्या गोष्टीचा मॉडेलवरून अंदाज काढणारा प्रोग्राम) लावला तर मधल्या वेळचा आकडा मिळेल का?

मिळेल. पण गेन (दुरुस्ती किती जोरात करायची तो आकडा) ट्यून करायला बसण्याआधी उष्णतेचा हिशेब जुळवा.

ऑब्झर्व्हरमध्ये रिअॅक्टरचं मॉडेल प्लांटच्या जोडीने चालतं. मॉडेलचं तापमान आणि आरटीडीचं (तापमान मोजणाऱ्या सेन्सरचं) तापमान यांत जो फरक पडतो, त्यावरून मॉडेलमधलं कॉन्सन्ट्रेशनही दुरुस्त होत राहतं. १९६४ मध्ये ल्युएनबर्गर यांनी मांडलेली कल्पना ती हीच. म्हणजे तापमानातून कॉन्सन्ट्रेशनचा जो काही पत्ता लागतो, तो रिअॅक्शनच्या उष्णतेतूनच.

समजा आत २००० किलो माल आहे, स्पेसिफिक हीट किलोला दर अंशामागे २ किलोज्यूल, आणि तापमान मिनिटाला अर्धा अंश चढतंय. हे झाले मिनिटाला २००० किलोज्यूल. जॅकेटमधून (रिअॅक्टरभोवतीच्या थंड पाण्याच्या आवरणातून) मिनिटाला १०० किलो पाणी ६ अंशांनी तापून बाहेर पडतंय, म्हणजे आणखी साधारण २५००. फीड तापवायला लागणारी उष्णता तूर्त सोडून देऊ. रिअॅक्शनची उष्णता मोलला ९० किलोज्यूल असेल, तर मिनिटाला ५० मोल खपतायत. आता जॅकेटच्या इन आणि आउटच्या आरटीडींत अर्ध्या अंशाची चूक धरा. तेवढ्यानेच मिनिटाला सव्वादोन मोलहून थोडा जास्त फरक पडतो, आणि तासाभरात तो १४० मोलांच्या घरात जातो. म्हणून माझं ठाम मत आहे की भारी अल्गोरिदमच्या आधी ते दोन आरटीडी एकाच बाथमध्ये बुडवून ताडून घ्यावेत. कूलिंग टॉवरचं पाणीही स्थिर धरू नका. नाशिकच्या मे आणि डिसेंबरमध्ये त्यात चांगलाच फरक असतो. इनलेट तापमान मोजून मॉडेलला द्या.

जॅकेटला स्केल (पाण्यातल्या क्षारांचा थर) धरला की हीट ट्रान्सफर कोइफिशियंट घसरतो, आणि उष्णता कमी बाहेर पडून तापमान चढतं, आणि ऑब्झर्व्हरला वाटतं रिअॅक्शनचाच वेग वाढला. नुसत्या आतल्या तापमानावरून हे दोन वेगळे करता येत नाहीत, जॅकेटचा फ्लो आणि आउटलेटही लागतो.

गेन फार वाढवलात तर आरटीडीचा नॉइज थेट कॉन्सन्ट्रेशनच्या आकड्यात उतरतो. एक्स्टेंडेड कॅल्मन फिल्टर (मोजमापातला नॉइज धरून गेन स्वतःच ठरवणारा ऑब्झर्व्हर) वापरलात, तर लॅबचा रिझल्ट सॅम्पल काढल्याच्या वेळेला लावा आणि तिथून मॉडेल पुन्हा आत्तापर्यंत चालवा. आलेल्या वेळेला लावलात, तर दोन तासांपूर्वीचं कॉन्सन्ट्रेशन आत्ताचं म्हणून बसेल.

बॅचच्या शेवटी उष्णता इतकी कमी होते की तापमान काहीच सांगत नाही. तिथे लॅबला पर्याय नाही. आणि रिअॅक्शनचा रेट ज्या घटकाचं कॉन्सन्ट्रेशन हवं आहे त्यावर अवलंबूनच नसेल, तर सुरुवातीच्या चार्जमधली चूक ऑब्झर्व्हर कधीच भरून काढणार नाही.

न रिअॅक्ट झालेलं फीड आत साठतंय का, हे वेळेत दिसणं हा तुमचा खरा फायदा. डोसिंग (फीड सोडणं) आपोआप बंद करणारा इंटरलॉक मात्र प्रत्यक्ष मोजलेल्या तापमानावर आणि प्रेशरवरच ठेवा.