सांगलीत बहीण सहा वर्षांची मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा घेऊन सखी केंद्रात (हिंसेला तोंड देणाऱ्या स्त्रियांसाठीचं सरकारी मदत केंद्र) आली आहे. मुलांचं काय करावं?

आधी मुलाचं बघा. सखी केंद्रात आईसोबत मुली कोणत्याही वयाच्या राहू शकतात, मुलग्याला मात्र वयाची मर्यादा असते, ती केंद्रात विचारून घ्या; आणि मुक्काम जास्तीत जास्त ५ दिवस. त्यामुळे मुलाच्या सोयीसाठी बालकल्याण समितीशी (मुलांच्या काळजी-संरक्षणाचे निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) आजच बोला; १०९८ या बालमदत क्रमांकावरही मदत मिळते.

शाळा लांबवू नका. जुन्या शाळेचा दाखला सासरी अडकलाय म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला आठवीपर्यंत प्रवेश नाकारता येत नाही (शिक्षण हक्क कायदा, २००९).

मुलं अंथरूण ओलं करतील, चिडतील, आईला सोडणार नाहीत. कृपा करून रागावू नका, ती घाबरलेली असतात. जेवण-झोपेची वेळ ठरलेली ठेवा. वडिलांचे निरोप मुलांकरवी तर अजिबात नकोत. मुलांच्या तात्पुरत्या ताब्यासाठी संरक्षण अधिकाऱ्याची (या कायद्याखाली पीडित स्त्रीला मदत करणारा सरकारी अधिकारी) मदत घेऊन कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २१ खाली अर्ज करा.