कार्बोरेटर बदलला आणि मिनीबाइक सुरूच होईना

प्रश्न : माझ्या मिनीबाइकला १९६ सीसीचं, आडव्या शाफ्टचं फोर-स्ट्रोक इंजिन आहे. मूळचा कार्बोरेटर काढून २२ मिमीचा गोल स्लाइडचा (हवेची वाट उघडझाप करणारा सरकता तुकडा), मिकुनी या जपानी कंपनीच्या पद्धतीचा कार्बोरेटर बसवला. सोबत अ‍ॅल्युमिनियमचा मॅनिफोल्ड (कार्बोरेटर इंजिनाला जोडणारी नळी) आणि उघडा फिल्टर. त्याच वेळी गव्हर्नरची (इंजिनाचा वेग मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्रणेची) लिंकेजही काढून टाकली. आधी दुसऱ्या ओढीला इंजिन पकडायचं. आता दोरी ओढून हात भरून येतो, मधूनच एखादा ‘फट्’ आवाज होतो, बस. तीन वेगवेगळ्या आकारांचे मेन जेट (पेट्रोलचं मुख्य माप ठरवणारे भोकाचे तुकडे) घालून पाहिले, काही फरक नाही. प्लग काढला की कोरडा असतो. सुरू करताना चोक पूर्ण लावतो आणि मूठ अर्धी पिळून दोरी ओढतो.

उत्तर : चोक पूर्ण आणि मूठ अर्धी पिळलेली, इथेच पहिली चूक आहे. मूळच्या कार्बोरेटरमधला चोक म्हणजे हवेची वाट अडवणारी चकती. गोल स्लाइडच्या या प्रकारात बहुधा ती नसते. लिव्हर उचलला की आतला छोटा पिस्टन वर सरकतो आणि एका वेगळ्या वाटेने जादा पेट्रोल स्लाइडच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला सुटतं. ते ओढायला तिथे चांगला निर्वात लागतो आणि तो स्लाइड बंद असतानाच तयार होतो. मूठ पिळली की निर्वात गेला, पेट्रोल येत नाही, प्लग कोरडा. तेव्हा चोक लावा आणि मुठीला हातही न लावता चार-पाच वेळा ओढा. (याच मापाच्या काही कार्बोरेटरना चकतीचा चोक असतो. फिल्टर काढून तोंडातून पाहिलं की लगेच कळतं.)

तुमची जुनी सवय समजण्यासारखी आहे. गव्हर्नर असलेल्या इंजिनात थांबलेल्या अवस्थेत स्प्रिंगच थ्रॉटलची पाकळी उघडी धरून ठेवते. लिंकेज काढली की ती व्यवस्था गेली. आता सुरू होण्यापुरती हवा फक्त आयडल (मूठ न पिळता इंजिन चालू राहणं) स्क्रूमुळे मिळते. तो इतका आत घ्या, की स्लाइडच्या खाली १ ते १.५ मिमीची फट दिसेल. ड्रिलचं तेवढ्या जाडीचं पातं आत सरकवून माप घेता येतं.

मेन जेटचा विषय मात्र सोडून द्या. तो मुख्यतः पाऊण थ्रॉटलच्या पुढे काम करतो. इंजिन सुरू होणं आणि आयडलला टिकणं हे पायलट जेट (आयडलपुरतं पेट्रोल देणारा बारीक जेट) आणि चोकच्या वाटेवर असतं. तीन जेट बदलून काहीच फरक पडला नाही, यात नवल नाही. दर वेळी बाउल (कार्बोरेटरखालची पेट्रोलची वाटी) उघडल्याने कचरा आत जाण्याची शक्यता तेवढी वाढली.

आता स्लाइड बाहेर काढून पाहा. तिच्या खालच्या कडेला एका बाजूने तिरपा काप असतो. तो फिल्टरकडे हवा. उभी खाच आतल्या पिनवर बसली पाहिजे. काप इंजिनाकडे करून जबरदस्तीने बसवलेली स्लाइड अगदी सर्रास सापडते आणि मग कितीही ट्यूनिंग करा, आयडल मिळत नाही. नीडलची (स्लाइडला लोंबणाऱ्या सुईची) क्लिप सध्या मधल्या खाचेत ठेवा. केबलला २-३ मिमी ढील हवी आणि हँडल दोन्ही टोकांना वळवलं तरी स्लाइड उचलली जाता कामा नये.

एवढं करूनही प्लग कोरडाच राहिला, तर पेट्रोल बाउलपर्यंत पोचतंय का ते बघा. बाउलचा खालचा स्क्रू सैल करून पेट्रोल बाटलीत येऊ द्या. आधी भरलेलं सांडल्यावरही धार चालू राहिली पाहिजे. थेंब-थेंब झाली तर टाकीचं झाकण उघडा. धार परत आली तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय. मूळची टाकी काढून नवी टाकी कार्बोरेटरच्या पातळीखाली बसवली असेल, तर पेट्रोल आपोआप चढणार नाही. क्रँककेसच्या दाबावर चालणारा पल्स पंप लावावाच लागेल.

नेमका दोष कुठे आहे हे ठरवायला एक जुनी चाचणी पुरते. प्लग काढून सिलिंडरमध्ये अर्धा चमचा, म्हणजे २-३ मिली पेट्रोल टाका, सांडलेलं पुसा, प्लग बसवा आणि ओढा. इंजिन दोन-तीन सेकंद पेटून बंद पडलं तर करंट आणि कॉम्प्रेशन ठीक आहेत, गडबड पेट्रोलच्या वाटेवर आहे. काहीच झालं नाही तर कार्बोरेटर बाजूला ठेवा आणि करंट तपासा. कार्बोरेटर बदलताना इथे एक गोष्ट हमखास घडते. कॉइलवरून बंद करण्याच्या स्विचकडे जाणारी बारीक वायर कुठेतरी बोल्टखाली दबते, तिचा बॉडीशी संपर्क होतो आणि ठिणगीच मरते. ती वायर कॉइलपासून सोडवून करंट पाहा. तेल कमी झालं की इंजिन बंद करणारा सेन्सर असेल, तर त्याची वायरही सोडवा; बाइकमध्ये इंजिन तिरकं बसवलं की पुरेसं तेल असूनही हा सेन्सर दगा देतो. प्लगची फट ०.७ ते ०.८ मिमी. सिलिंडरमध्ये पेट्रोल टाकलेलं असताना करंट पाहायचा तर प्लगचं भोक दुसऱ्या प्लगने बंद करा. उघड्या भोकातून उडणारी वाफ पेट घेते.

राहिला मॅनिफोल्ड. तुमचा तो ‘फट्’ आवाज कार्बोरेटरच्या तोंडातून येत असेल, तर मिश्रण फार पातळ आहे, आणि याचं सर्वांत संभवनीय कारण म्हणजे जोडातून शिरणारी हवा. पट्टी लावून मॅनिफोल्डचा पृष्ठभाग पाहा, ०.०५ मिमीचं फिलर गेज खालून जाता कामा नये. बोल्ट प्रमाणापेक्षा लांब असले तर ते भोकाच्या तळाला टेकतात, हाताला घट्ट लागतात, पण मॅनिफोल्ड सैलच राहतो. त्याखाली वॉशर घाला किंवा बोल्ट कापा. खात्री करायची तर जोडाच्या सगळ्या कडेला जाड ग्रीस चोपडून ओढून बघा. लगेच फरक पडला तर गॅस्केट बदला. काही लोक सुरू इंजिनाच्या जोडावर पेट्रोल शिंपडून गळती शोधतात. गरम सायलेन्सर वीतभर अंतरावर असताना हे करू नये.

इंजिन पकडलं, की मिश्रणाचा स्क्रू पूर्ण आत घेऊन दीड फेरा बाहेर काढा आणि तिथून पुढे लावत जा. हा स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा आहे, आत घेतला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, आत घेतला की प्रमाण कमी होतं. या एका फरकाने भलेभले चकतात.

प्रश्न : मी मूळचाच कार्बोरेटर ठेवला, पण मेन जेटला १ मिमीच्या ड्रिलने भोक मोठं केलं आणि एअर बॉक्स काढून प्लेट लावून शंकूसारखा फिल्टर बसवला. चोक पूर्ण लावला तरच इंजिन सुरू होतं, चोक काढला की बंद पडतं.

उत्तर : चोकशिवाय न टिकणं म्हणजे आयडलला पेट्रोल कमी पडतंय. मेन जेट मोठा असून कमी कसं, असं वाटेल. कारण वरच्या उत्तरातलंच.

आधी ती प्लेट काढा. कार्बोरेटरच्या फिल्टरकडच्या तोंडाशेजारी बारीक छिद्रं दिसतील. त्यातलं एक बाउलला हवा पुरवतं. मूळच्या एअर बॉक्सला आणि त्याच्या गॅस्केटला त्यासाठी जागा सोडलेली असते, घरी कापलेल्या प्लेटला ती नसते. हे छिद्र झाकलं की बाउलमध्ये हवा शिरत नाही आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. प्लेट काढून क्षणभर इंजिन चालवा. टिकलं तर कारण सापडलं. प्लेटला आणि गॅस्केटला तिथे भोक पाडा, मात्र ते फिल्टरच्या आतल्या बाजूला उघडेल असं बघा. हेडकडच्या काळ्या इन्सुलेटरची बाजू आणि त्याची गॅस्केट उलटी बसली नाही ना, हेही पाहा.

तेवढ्याने नाही भागलं तर पायलट जेट. मूळच्या कार्बोरेटरमध्ये तो आयडल स्क्रूच्या खाली दडलेला, प्लॅस्टिकच्या डोक्याचा छोटा तुकडा असतो. स्क्रू काढून तो अलगद वर उचला. छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक आहे आणि तुमच्या ड्रिलचा कीस बाउलमध्ये राहिला असेल तर तो इथेच येऊन अडकतो. वायरमधला तांब्याचा एक धागा आणि कार्बोरेटर क्लीनरने साफ करा. सुई किंवा ड्रिल घालू नका. मेन जेट काढताना त्याच्या वरची छिद्रांची नळीही निसटते. ती निघाली त्याच दिशेने, शेवटपर्यंत आत गेली पाहिजे.

आता तुमच्या ड्रिलबद्दल. या मापाच्या इंजिनातल्या मूळ जेटचं छिद्र साधारण ०.७ मिमी असतं. ते १ मिमी केलं म्हणजे क्षेत्रफळ दुप्पट झालं. इंजिन सुरू झाल्यावर पूर्ण थ्रॉटलला काळा धूर आणि अडखळणं ठरलेलं. नंबर छापलेला नवा जेट घ्या आणि ०.०५ मिमीच्या टप्प्याने वर जा. फक्त फिल्टर बदलला असेल तर एक-दोन टप्पे पुरतात.

प्रश्न : फिल्टरमधून पेट्रोल टपकतं, प्लग ओलाचिंब असतो. काल तर दोरी अर्ध्यावरच अडकली.

उत्तर : दोरी अडकली असेल तर जोर लावू नका. सिलिंडरमध्ये पेट्रोल भरलंय. द्रव दाबला जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पेट्रोलचा नळ बंद करा, प्लग काढा, प्लगची वायर बॉडीला टेकवून दूर बांधा, स्विच बंद ठेवा. चोक काढलेला ठेवा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि सात-आठ वेळा सावकाश ओढून आतलं पेट्रोल बाहेर काढा. मग प्लग पुसून बसवा.

पुढचं पाऊल अनेकजण विसरतात, ते म्हणजे तेल. तेलकांडी काढून हुंगा. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी वाढलेली दिसली, तर इंजिन सुरू करू नका. पातळ झालेलं तेल बेअरिंग आणि रॉड दोन्ही खातं. या वर्गातल्या इंजिनात साधारण ०.६ लिटर तेल बसतं, सगळं बदला.

मूळ दोष फ्लोटच्या (बाउलमधल्या तरंगत्या भागाच्या) सुईत आहे; बाउल भरला की ती पेट्रोल अडवते. कार्बोरेटर काढून उलटा धरा आणि पेट्रोलच्या नळीतून हळूच फुंका. फ्लोटच्या वजनाने सुई बंद राहिली पाहिजे. हवा जाते तर सुईच्या रबरी टोकावर खाच पडलीय किंवा सीटवर कचरा आहे. फ्लोट कानाजवळ हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर तो गेला. होंडा जीएक्स २०० आणि त्याच घडणीच्या इंजिनांच्या मूळ कार्बोरेटरमध्ये फ्लोटची उंची १३.७ मिमी असते. फ्लोट प्लॅस्टिकचा असेल तर वाकवून लावायच्या भानगडीत न पडता बदला. टाकी वर असताना पंपही जोडला असेल तर तो काढा, त्याच्या दाबापुढे सुई टिकत नाही. आणि बाइक उभी करताना नळ बंद करायची सवय लावा.

प्रश्न : गव्हर्नर काढल्यावर किती आरपीएमपर्यंत नेलं तर चालेल?

उत्तर : आतले भाग मूळचेच असतील तर गव्हर्नर परत बसवा. तो या इंजिनांना ३६०० च्या आसपास रोखतो, कारण कास्ट फ्लायव्हील आणि मूळ रॉड त्याच हिशेबाने बनवलेले असतात. जास्त वेग हवाच असेल तर आधी बिलेट (अखंड धातूतून कापलेलं) फ्लायव्हील, मजबूत रॉड आणि कडक व्हॉल्व्ह स्प्रिंगा बसवा, मगच गव्हर्नर काढा. फुटलेल्या फ्लायव्हीलचे तुकडे पत्र्याच्या कव्हरला जुमानत नाहीत आणि मिनीबाइकवर ते चालवणाऱ्याच्या पायापासून हातभरही लांब नसतं.