कंठ फुटतो म्हणजे नेमके काय फुटते?

फोंड्याच्या एका शिक्षिकेने विचारले आहे, की शाळेतील विज्ञान प्रदर्शनाच्या फलकावर ‘स्वरयंत्रातील कोलॅजनचे तंतू फुटल्यामुळे मुलांचा कंठ फुटतो’ असे वाक्य होते, ते बरोबर आहे का, आणि कोलॅजनला, म्हणजे शरीराच्या ऊतींना बळकटी देणाऱ्या तंतुमय प्रथिनाला, मराठी शब्द कोणता.

वाक्य चुकीचे आहे, आणि चूक शरीरशास्त्राच्याही आधी मराठीची आहे. मडके फुटते तेव्हा असलेले मोडते. पालवी फुटते, पान्हा फुटतो, तेव्हा नसलेले बाहेर येते. ‘कंठ फुटणे’ या दुसऱ्या कुळातले आहे. पोपटाला कंठ फुटला म्हणजे त्याच्या गळ्याभोवती रेघ उमटली, तो वयात आला.

स्वरयंत्रातही त्या वयात मोडतोड नव्हे, बांधणी चालू असते. नवजात बाळाच्या स्वरपट्टीत, म्हणजे कंप पावून आवाज काढणाऱ्या घडीत, आवरणाखाली एकच मऊ थर असतो. ताण सोसणारा बंध १ ते ४ वर्षांच्या सुमारास दिसू लागतो आणि तीन थरांची रचना पौगंडावस्थेच्या आसपास पुरी होते. जपानी संशोधक मिनोरू हिरानो यांनी या थरांना दिलेल्या उपमा फार नेमक्या आहेत: वरचा मऊ जिलेटिनसारखा, मधला रबरी दोऱ्यांसारखा आणि सर्वांत आतला, कोलॅजनने भरलेला, सुती धाग्यांसारखा. मुलग्यांत याच सुमारास कूर्चा वाढून कंठमणी पुढे येतो, स्वरपट्ट्या लांब व जाड होतात आणि आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही उतरतो, पण दोन-तीन स्वरांनीच, म्हणून त्यांच्या बाबतीत हा वाक्प्रचार सहसा कोणी वापरत नाही.

गणेशचतुर्थीच्या आरतीत घुमट या कातडे ताणलेल्या गोव्यातल्या वाद्याच्या तालावर वरचा सूर लावणारा तेरा-चौदा वर्षांचा मुलगा मधेच घसरतो आणि बाकीची पोरे हसतात, तेव्हा त्याचा आवाज ‘चिरकला’ म्हणावे. कंठ फुटणे ही महिनोन्‌महिने चालणारी क्रिया आहे, चिरकणे क्षणाचे.

आता प्रतिशब्द. ग्रीक ‘कोला’ म्हणजे सरस, जो सुतार कातडी आणि हाडे उकळून केलेला वापरत. घुमटावर ताणलेले बकऱ्याचे कातडेही मुख्यतः याच प्रथिनाचे. त्यावरून ‘श्लेषजन’ असा शब्द घडवता येतो, पण तो ऐकला की मला शाब्दिक कोट्या करणारी मंडळीच आठवतात. ‘कोलॅजन’च ठेवावे, आणि फलकावर ‘कंठ फुटण्याच्या वयात स्वरपट्टीतील कोलॅजनच्या तंतूंची रचना पक्व होते’ असे लिहावे.